पूर्ण गुणांच्या घरातला खोकला

एका जंगलात, बाळांनो, आजारी पडायला कुणालाच मनाई नव्हती. फक्त वेळ बघून पडावं लागे.

हसू नका, सांगतो नीट. आणि मागच्या रांगेतल्यांनी ते पाठांतर जरा बाजूला ठेवा. गोष्ट ऐकल्याने कुणाचे गुण गेल्याचं अजून माझ्या तरी कानावर नाही.

तर त्या जंगलात एक वैद्यशाळा होती. नदीपलीकडच्या टेकडीवर, सागाच्या बनात. तिथे शिकलं की वैद्य होता येई, आणि वैद्य झालं की मग काय विचारता! बिबट्यासुद्धा वाट सोडून बाजूला उभा राहायचा आणि म्हणायचा, "या डॉक्टर, या."

पूर्वी तिथे प्रवेशाची रीत साधी होती. वैद्यशाळेची म्हातारी हत्तीण पोराला एखाद्या आजाऱ्यापाशी बसवायची आणि लांबून बघत राहायची. पोर कंटाळून उठलं तर घरी. बसून राहिलं तर आत. पण पुढे पुढे काय झालं, की हत्तिणीच्या नात्यातली पोरंच फार बसून राहायला लागली. ज्याचा मामा हत्ती, त्याच्या अंगी दया उपजतच असते म्हणे! मग जंगलात ओरड झाली. वशिला! वशिला! ओरड खरीच होती, मी कशाला खोटं बोलू? तेव्हा ठरलं, की आता परीक्षा घ्यायची. ज्याला गुण जास्त तो आत, मग पोर उंदराचं असो की वाघाचं.

चांगलंच ठरलं हो. पहिल्याच वर्षी उंदराचं पोर आत गेलं आणि सगळ्या जंगलाला बरं वाटलं.

एवढ्यावर थांबायचं ना! पण थांबतील ते आपले प्राणी कसले? त्यांना गुणांची चटकच लागली. वैद्यांनी दारावर औषधाच्या पाट्या काढून गुणांच्या पाट्या लावल्या. आजारीही त्या पाट्या वाचूनच आत शिरायचे. "पूर्ण गुणवाला आहे, त्याच्या हातून मेलो तरी समाधान," असं म्हणायचे. आणि एखाद्या पोराचा एक जरी गुण गेला, की त्याला माणसांचा डॉक्टर व्हावं लागे. तसल्या पोरांच्या आया पाणवठ्यावर खाली मान घालून यायच्या.

याच जंगलात दगडोजी नावाचं अस्वल राहत होतं. बायको सोनकाबाई आणि एकुलती एक लेक जांभळी. दगडोजीचं काम मधाचं. उंच झाडावर चढायचं, पोळं काढायचं, माश्यांच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी घरी यायचं. स्वभावाने गरीब, पण आवाज दांडगा. तो घशात खाकरला तरी शेजारचे ससे बिळात पळायचे.

जांभळी हुशार आहे, हा शोध टिटवीकाकूंनी लावला. टिटवीकाकू म्हणजे शेजारीण. त्यांचा विहंग एकदा परीक्षेला बसून एका गुणाने गेला होता आणि आता पुन्हा बसत होता. त्यामुळे या विषयात काकूंचा शब्द अखेरचा.

"जांभळीला वैद्य करा हो भाऊजी," काकू म्हणाल्या. "पोर किती गप्प असते!"

"गप्प राहणं चांगलं का वैद्याला?" दगडोजीने विचारलं.

"वैद्याचं मला माहीत नाही. परीक्षेला चांगलं."

दगडोजीने जांभळीला जवळ घेऊन विचारलं, "काय गं, व्हायचंय का तुला वैद्य?" जांभळी म्हणाली, "हो बाबा. मनापासून व्हायचंय." तिचे डोळे असे काही चमकले, की दगडोजीला भरून आलं. त्याने त्याच दिवशी ठरवलं, हिच्या वाटेत गवताची काडीसुद्धा येऊ द्यायची नाही. बापच तो. दुसरं काय ठरवणार?

मग जांभळीला तरस सरांचा क्लास लावला. जंगलातला सगळ्यात नामी क्लास. गुहेच्या तोंडावर पूर्ण गुणवाल्यांची चित्रं टांगलेली. त्यातली निम्मी चित्रं कोल्हे सरांच्या गुहेवरही टांगलेली असायची, पण ते असो. पोरानं उत्तर चुकवलं, की तरस सर हसायचे. तुम्ही तरसाचं हसणं ऐकलंय का? नका ऐकू. ते एकदा ऐकलं, की पोर पुन्हा ते उत्तर चुकवत नसे.

सरांनी पालकांची सभा घेतली.

"घरात आवाज नको," सर म्हणाले. "पाहुणे नकोत. सणवार नकोत. आणि आजारपण तर नकोच नको."

दगडोजीने पंजा वर केला. "सर, पोरं वैद्यकीचाच अभ्यास करणार ना? मग घरात कुणी आजारी असलं तर उलट त्यांना बघायला..."

तरस सर हसले. दगडोजीचा पंजा आपोआप खाली आला.

"दगडोजीराव, पुस्तकातला खोकला कोरडा असतो, नाहीतर ओला असतो. घरातला खोकला बापाचा असतो. पोराचा जीव गुंततो आणि गुण जातात. कळलं?"

"कळलं सर," दगडोजी म्हणाला. सगळ्या पालकांनी माना डोलावल्या. सर काय शिकवतात, वा!

आणि नेमकं त्याच थंडीत दगडोजीला खोकला लागला.

आधी साधाच वाटला. सोनकाबाईने हळद दिली, अडुळसा दिला. खोकला हटेना. अंगात बारीक ताप राहू लागला. भूक मंदावली. आणि त्याचा खोकला म्हणजे काय, सगळ्या गुहेत घुमायचा. आत जांभळीचं पाठांतर चाललेलं असायचं.

"अहो!" सोनकाबाई कुजबुजायची. "हळू खोका की. पोर वाचतेय."

"हळू कसा खोकू? येतोच तसा."

"मग बाहेर जा."

दगडोजी बाहेर गेला. बाहेर टिटवीकाकूंचा विहंग अभ्यासाला बसलेला. काकूंनी दगडावरून असा काही कटाक्ष टाकला, की दगडोजीने आलेला खोकला गिळून टाकला.

सोनकाबाई काही वाईट नव्हती, बरं का. तिचा जीव तुटत होता नवऱ्यासाठी. "आपण वैद्यशाळेत जाऊन दाखवून येऊ," असं तीच पहिल्यांदा म्हणाली. पण वैद्यशाळेत जायचं म्हणजे नदी ओलांडायची, दिवस मोडायचा, आणि टिटवीकाकू ते जंगलभर करणार. जांभळीला कळणार. तिचा जीव गुंतणार. मग गुण... "परीक्षा होऊ दे," सोनकाबाई म्हणाली. "झाली की लगेच जाऊ."

"होऊ दे, होऊ दे," दगडोजी म्हणाला. त्यालाही तेच हवं होतं.

एके दिवशी दुपारी तो गुहेच्या भिंतीला टेकून बसला होता. आत जांभळी पाठ म्हणत होती. काय सुरेख आवाज पोरीचा!

"छातीत पाणी साचणे," जांभळी म्हणत होती. "लक्षणे. खोकला हटत नाही. बारीक ताप राहतो. भूक मंदावते. चढावर धाप लागते. रुग्णाला एका कुशीवर झोपता येत नाही."

दगडोजीने कान टवकारले. कितीतरी दिवस झाले, त्याला डाव्या कुशीवर झोपता येत नव्हतं. धाप तर हल्ली साध्या जांभळाच्या झाडावर चढतानाही लागायची. आपलीच पोर आपल्याच दुखण्याची पोपटासारखी कथा सांगतेय, एकही लक्षण विसरत नाही, बघा! त्याचा ऊर अभिमानाने भरून आला. म्हणजे जेवढा पाण्याने भरायचा राहिला होता, तेवढा.

"दुर्लक्ष केल्यास..." जांभळी म्हणाली. आणि तेवढ्यात दगडोजीला जोराची उबळ आली. त्याने दोन्ही पंजे तोंडावर दाबले. तरी थोडा आवाज निसटलाच.

"आई, कसला गं आवाज?"

"मोर ओरडला," सोनकाबाई म्हणाली. "तू वाच."

जांभळीने पान उलटलं. दुर्लक्ष केल्यास काय होतं, ते दगडोजीला ऐकायला मिळालंच नाही.

त्या दिवसापासून तो खोकायला धबधब्यावर जाऊ लागला. तिथे पाण्याचा एवढा आवाज, की हत्ती कोसळला तरी कळू नये. दगडोजी पोहोचला आणि बघतो तर काय, तिथे आधीच गर्दी! सगळे परीक्षेच्या घरचे. एक नीलगाय दगडाआड उभी राहून ढसाढसा रडत होती. घरात रडायची सोय नव्हती. एका वानराचा दात दुखत होता आणि तो मनसोक्त बोंबलत होता. माकडीण शिंका काढत होती, आठवडाभराच्या साठवलेल्या.

"या दगडोजी," सखोबा रानडुक्कर म्हणाला. "तुमचं काय?"

"खोकला."

"खोका, खोका. लाजू नका. इथे सगळे आपलेच." सखोबाने त्याला जागा करून दिली. मग दगडोजी जो खोकला, जो खोकला! डोळ्यांतून पाणी आलं. खोकून झाल्यावर त्याने विचारलं, "तुम्हाला काय होतंय सखोबा? तुम्ही तर ठणठणीत दिसता."

"मला काही नाही. आमची आई गेली हो. पोराला सांगितलंय, आजी मामाच्या रानात गेलीय. पेपर झाले की सांगू. घरात तोंड पाडून बसता येत नाही, म्हणून इथे येऊन बसतो घटकाभर."

"अरेरे! कधी गेल्या?"

"मागच्या परीक्षेच्या आधी. पोर दुसऱ्यांदा बसतंय ना."

नीलगाय डोळे पुसत पुढे आली आणि म्हणाली, "पण गुण काय म्हणतायत पोराचे?"

"वाढलेत," सखोबा म्हणाला. सगळ्यांना हायसं वाटलं. मग बराच वेळ गुणांच्याच गप्पा झाल्या.

परीक्षा झाली. दगडोजी म्हणाला, "चला, आता दाखवून येऊ." सोनकाबाई म्हणाली, "अहो, पोर निकालाच्या काळजीत आहे. आत्ता कुठे तिच्या डोक्याला आणखी ताप? निकाल लागू दे."

निकाल लागला. जांभळीला पूर्ण गुण! एकही गेला नाही! दगडोजी नाचला, म्हणजे दोन पावलं नाचला आणि झाडाला धरून उभा राहिला. पण पूर्ण गुण आणखीही बऱ्याच पोरांना होते, आणि जागा मोजक्या. "यादी लागू दे," सोनकाबाई म्हणाली.

यादी लागली. जांभळीचं नाव यादीत अगदी शेवटचं होतं. विहंगलाही पूर्ण गुण होते, पण त्याचं नाव यादीखाली, प्रतीक्षेत पहिलं. टिटवीकाकू पेढा खाऊन गेल्या आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "एक जागा सुटली तरी आमचं होईल हो. कुणाचं वाईट चिंतत नाही आपण." मग सत्कार ठरला. "सत्कार होऊ दे," सोनकाबाई म्हणाली. "पहिल्या रांगेत खुर्ची आहे तुमची. उपचार सुरू झाले आणि अंथरूण धरलंत, तर?"

एव्हाना दगडोजी वाळून निम्मा झाला होता. लोक म्हणायचे, "पोरीच्या अभ्यासापायी बाप कसा झिजला बघा." तेही खरंच होतं म्हणा.

सत्कार माळावर झाला. मोठा मांडव, तोरणं, शाल, श्रीफळ. प्रमुख पाहुणे खुद्द वैद्यशाळेचे मुख्य, डॉक्टर करकोचे. जंगलातले पहिले पूर्ण गुणवाले. लांब पाय, लांब चोच, आणि भाषण त्याहून लांब. "मी विद्यार्थी असताना," अशी त्यांनी सुरुवात केली, आणि सूर्य कलला तरी ते अजून विद्यार्थीच होते.

पहिल्या रांगेत दगडोजी श्वास धरून बसला होता. उबळ आली की गिळायची, आली की गिळायची. मागून कुणीतरी कुजबुजलं, "हे अस्वल असं गुरगुरतंय का?" दुसरा म्हणाला, "गर्व झाला असेल."

मग निवेदक पोपट म्हणाला, "आता आपल्या लाडक्या जांभळीचे वडील दोन शब्द बोलतील."

दगडोजी उठला. व्यासपीठापर्यंत गेला. त्याने तोंड उघडलं, आणि इतके दिवस कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तो खोकत खोकत गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. श्रीफळ घरंगळत गेलं.

सोनकाबाई धावली. "डॉक्टर, बघा हो जरा ह्यांना!"

डॉक्टर करकोचे एका पायावर उभे होते, ते दुसऱ्या पायावर उभे राहिले. "बाई, मी आज इथे प्रमुख पाहुणा म्हणून आलोय. दाखवायचं असेल तर सकाळी टेकडीवर घेऊन या. उपाशीपोटी."

तेवढ्यात जांभळी आली. तिने गळ्यातला हार काढून फेकला आणि बापाच्या छातीला कान लावला. आजवर तिने कुणाच्याच छातीला कान लावला नव्हता. पुस्तकातली छाती गप्प असायची. ही घरघरत होती. ती गोंधळली. तिने कान इकडे लावला, तिकडे लावला. उजवीकडे श्वास ऐकू आला. डावीकडे काहीच नाही.

"बाबा, डाव्या कुशीवर झोपता येतं का तुम्हाला?"

दगडोजीने मान हलवली. नाही.

"आई, कधीपासून आहे हे?"

सोनकाबाई म्हणाली, "तुझा क्लास लागल्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझे गुण गेले असते गं!"

जांभळी आईकडे बघत राहिली. राग आला होता तिला, चांगलाच आला होता, पण रागावणार कुणावर? मग ती डॉक्टर करकोच्यांकडे वळली. "ह्यांच्या छातीत पाणी साचलंय. डाव्या बाजूला. काढायला हवं."

"हं," डॉक्टर म्हणाले. "उत्तर बरोबर वाटतंय."

दगडोजीने जमिनीवर पडल्या पडल्या ते ऐकलं, आणि काय सांगू बाळांनो, त्याही अवस्थेत गडी खूश झाला.

सकाळी टेकडीवर जायचं ठरलं. पण सकाळी उजाडायच्या आतच टिटवीकाकूंची तक्रार टेकडीवर पोहोचली होती. वैद्यशाळेचा एक जुना नियम होता: प्रवेश पक्का होण्याआधी विद्यार्थ्याने रुग्णाला हात लावता कामा नये, लावल्यास प्रवेश रद्द. भोंदू वैद्य माजू नयेत म्हणून कुणी शहाण्याने केलेला नियम. जांभळीने तर साऱ्या जंगलादेखत हात लावला होता, वर कानही लावला होता. सुनावणी ठेवली गेली.

"तुमचं काही वाकडं नाही हो मला," टिटवीकाकू सोनकाबाईला म्हणाल्या. "पण नियम म्हणजे नियम. आमचा विहंग घरी आजी तापाने फणफणली तरी तिकडे बघायला गेला नाही. त्याचं काही चीज नको का व्हायला?"

सुनावणीपुरतं का होईना, दगडोजीला घेऊन सगळे टेकडीवर निघाले. चढावर तो पाच-पाच पावलांवर थांबत होता. जांभळी म्हणाली, "बाबा, आधी तुम्हाला दाखल करू. सुनावणी मग."

"आधी सुनावणी," दगडोजी म्हणाला. "एवढं होऊ दे." वाटेत त्याने मनाशी काहीतरी ठरवलं होतं. ते त्याने कुणालाच सांगितलं नाही.

समितीत तीन वैद्य होते. तिघेही पूर्ण गुणवाले. डॉक्टर करकोचे मध्ये बसले.

"प्रश्न सोपा आहे," ते म्हणाले. "दगडोजी अस्वल हे रुग्ण आहेत काय? असतील, तर मुलीने नियम मोडला. नसतील, तर मोडला नाही."

दगडोजी उठून उभा राहिला. भिंतीला धरलं नाही. "साहेब, मी रुग्णबिग्ण काही नाही. काल भाषणाच्या वेळी मला भरून आलं. बापाला येतं असं. पोर मला मिठी मारायला आली. तिने कान लावला म्हणजे डोकं टेकलं हो. बापाच्या छातीवर डोकं टेकायला बंदी आहे का?"

सोनकाबाईने जमिनीकडे बघितलं. जांभळीने झटकन बापाकडे बघितलं. त्याने नजर चुकवली.

"खोकला?" एका वैद्याने विचारलं.

"मुळीच नाही."

"ताप?"

"अंगच उबदार आहे साहेब. अस्वल ना मी."

"धाप?"

दगडोजीने ओठ मिटून मान हलवली. तोंड उघडलं असतं तर संपलंच असतं. त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, डोळे लाल झाले होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. तिघा वैद्यांनी त्याला लांबूनच वरपासून खालपर्यंत बघितलं. एकमेकांत विचारविनिमय केला.

"प्रकृती उत्तम आहे," डॉक्टर करकोचे म्हणाले. "समितीचं एकमत आहे. तेव्हा जांभळी अस्वल हिचा प्रवेश..."

दगडोजीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. एकच वाक्य, एवढंच वाक्य पुरं होऊ दे, मग मेलो तरी चालेल, असं तो मनात म्हणत होता. आणि त्याच्या लक्षात आलं, जांभळी डॉक्टरांकडे बघतच नाहीये. ती त्याच्या गळ्याकडे बघत होती. त्याने हळूच मान हलवून खुणावलं, नको. ती उठली. येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"बाबा, खोकून घ्या."

त्याने ओठ आणखी घट्ट मिटले.

"पोटभर खोकून घ्या बाबा."

"एवढं होऊ दे गं," तो दातांआडून कसाबसा म्हणाला. "एकच वाक्य राहिलंय त्यांचं."

"एवढं होऊ दे, एवढं होऊ दे करत तुमची एक बाजू बुडाली, बाबा!" जांभळी रडायला लागली. "मला वैद्य व्हायचंय ते कुणाला बरं करायला? तुम्हाला मारून?"

दगडोजीने तिच्याकडे बघितलं. मग त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तो खोकला. धबधब्यावरही कधी खोकला नसेल, असा खोकला. समितीपुढची कागदपत्रं उडाली. खिडकीवर टिटवीकाकू बसल्या होत्या, त्या आधी आनंदाने आणि मग जरा ओशाळून उडाल्या.

"रुग्ण आहे," डॉक्टर करकोचे म्हणाले. "समितीचं एकमत आहे."

जांभळीचा प्रवेश रद्द झाला. तिची जागा विहंगला मिळाली. आणि दगडोजी रुग्ण असल्याचं रीतसर सिद्ध झाल्यामुळे त्याला तिथल्या तिथे दाखल करून घेतलं. अस्वलांच्या घरातलं कुणीतरी वैद्यशाळेत दाखल झालं खरं.

पाणी काढलं. नीट काढलं, मी नाही कशाला म्हणू? काम येत होतं त्यांना. फक्त आजाऱ्याकडे बघायची सवय गेली होती. दगडोजी वाचला. पण उंच झाडावर चढणं कायमचं सुटलं. आता खालच्या फांद्यांवरचा मध तेवढा काढतो. शुद्धीवर आला तेव्हा तो लेकीचा पंजा धरून लहान मुलासारखा रडला. "माझ्यापायी गेली गं तुझी जागा," म्हणाला. जांभळी म्हणाली, "ते राहू द्या. आधी डाव्या कुशीवर वळून बघा बरं, जमतंय का?" तो वळला, आणि त्या कुशीवरच झोपी गेला. जांभळी मात्र बराच वेळ जागी होती. जागा गेल्याचं तिला वाईट वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. फार वाईट वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, जंगलाला अक्कल आली असेल. आली ना! तरस सरांनी पुढच्या वर्षीपासून पालकांसाठी वेगळी तुकडी काढली. श्वास कसा धरावा, उबळ कशी गिळावी, सुनावणीत डोळे लाल कसे होऊ देऊ नयेत, सगळं शिकवतात. पहिल्याच दिवशी जागा भरल्या. आणि घरोघरी आया पोरांना दटावतात, "नीट वाच, नाहीतर त्या जांभळीसारखं होईल. एवढे पूर्ण गुण मिळवले, आणि केलं काय? बापाला खोकू दिलं!"

तात्पर्य: वैद्य व्हायला गुण किती महत्त्वाचे, असं कुणी विचारलं तर बेधडक सांगावं, सगळ्यात महत्त्वाचे. गुण गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा मिळवता येतात, म्हणून त्यांना जिवापाड जपावं. बाप एकदाच मिळतो. त्याला कशाला एवढं जपायचं?